घडवणारा, सोडवणारा, राखणारा



रत्नागिरीत नुसते 'टिळक' म्हटले की लोकमान्यांखेरीज दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही, आणि ते साहजिकच आहे. पण याच जिल्ह्याने महाराष्ट्राला आणखी एक टिळक दिले. नारायण वामन टिळक 6 डिसेंबर 1861 रोजी दापोली तालुक्यातल्या करजगावी जन्मले, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि 9 मे 1919 रोजी मुंबईतच वारले. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख शाळेत होते. ज्या श्रद्धेपायी त्यांनी घर, जात आणि काही वर्षे बायकोमुलाचा सहवास गमावला ती श्रद्धा मात्र शाळेत कोणी शिकवत नाही. ख्रिस्ती मंडळी त्यांची पदे दर रविवारी गातात, पण गाता गाता माणूस आशय तपासत नाही. टिळकांच्या स्मरणार्थ बोलायला उभे राहायचे, तर त्यांचा गौरव करण्यापेक्षा त्यांनी ज्या गोष्टीवर आयुष्य लावले ती गोष्ट टिकते का, हे पाहणे मला अधिक योग्य वाटते.

ती गोष्ट थोडक्यात अशी. देवाने माणसाला घडवले, देवच त्याला सोडवतो आणि देवच त्याला राखतो. यातला एकेक भाग सुटा घेतला तर त्यात नवल काही नाही. जग कोणीतरी निर्माण केले असे मानणारे जगभर आहेत. संकटात धावून येणाऱ्या देवांच्या कथांवर तर आपण वाढलो. राखणारा देव कोकणात गावोगाव आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण, आणि तिचे सगळे अवघडपण, या तिन्ही कामांचा धनी एकच आहे असे म्हणण्यात आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच की ही तीन विधाने एकत्र उभी राहतात किंवा एकत्र पडतात. त्यांपैकी सोयीचे एक घ्यावे आणि बाकीची सोडावीत, हा व्यवहार त्यांना मानवत नाही.

असे म्हणणे किती धाडसाचे आहे, हे याच गावात राहून लिहिणाऱ्या एका माणसाने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. विनायक दामोदर सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांत 'मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव' या नावाचा एक निबंध आहे. त्याचा रोख असा की या विश्वाचे नियम माणसाची सोय पाहून ठरलेले नाहीत. काही नियम माणसाला उपकारक ठरतात, काही त्याचा घात करतात, आणि दोन्ही तितक्याच निर्विकारपणे चालतात. दयाळू, कनवाळू, आपली काळजी वाहणारा देव हा माणसाने स्वतःसाठी कल्पिलेला देव, तर विश्वाचा देव म्हणजे हे नियम चालवणारी शक्ती. तिला माणसाचे सोयरसुतक नाही. तेव्हा नियम जाणावेत, त्यांचा माणसाच्या हितासाठी उपयोग करावा आणि प्रार्थनेच्या भरवशावर राहू नये. हा युक्तिवाद हलका नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या माडा-पोफळीच्या बागा झोपवल्या तेव्हा, किंवा 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा, पाण्याने आणि वाऱ्याने भाविक आणि नास्तिक असा भेद केला नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेने सावरकरांना उत्तर द्यायचे तर या दोन तारखांच्या समोर उभे राहून द्यावे लागेल. इतिहासात त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांना केलेल्या राजकीय विरोधावर पाने भरली आहेत. हा तात्त्विक विरोध मात्र फारसा कोणी मनावर घेतलेला दिसत नाही.

कोकणातल्या गावरहाटीला हा प्रश्न अशा तीव्रतेने कधी पडला नाही, आणि त्याला कारण आहे. इथे देवांची कामे वाटून दिलेली आहेत. सृष्टी निर्माण करणाऱ्या ब्रह्मदेवाला पुराणात मान आहे, पण गावात देऊळ नाही, उत्सव नाही, नवस नाही. सोडवणे हे अवतारांचे काम. राखण करायची ती ग्रामदेवतेने आणि शिवेवरच्या राखणदाराने. रत्नागिरीचा श्री देव भैरी बारा वाड्यांचा. त्याची पालखी शिमग्यात फिरते तीही त्याच्या हद्दीत. राखणदाराला वर्षाची राखण द्यायची, गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा आणि त्याने गुराढोरांना, लेकरांना, शेताभाताला सांभाळायचे, असा हा दोन्ही बाजूंनी पाळायचा करार आहे. या व्यवस्थेत शहाणपण भरपूर आहे. राखणदाराची हद्द ठरलेली असल्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही ठरलेल्या असतात. त्याने जग निर्माण केलेले नाही. समुद्र त्याचा नाही. वादळ हुकले नाही तर मानपानात काही चुकले असेल, कोणाचा कोप झाला असेल, दुसऱ्या कोणाची सत्ता मध्ये आली असेल. जाब विचारायचा तर तो एकट्या त्याला विचारता येत नाही. ख्रिस्ती माणसाने ही सगळी वाटणी मोडून एकाच दारात नेऊन ठेवली. जो समुद्राचा निर्माता, त्याच्याकडेच बुडणाऱ्याची जबाबदारी. राखणदाराची शीव गेली आणि तिच्याबरोबर त्याची सबबही गेली. ही श्रद्धा दुबळ्या मनाचा विसावा आहे असे जे म्हणतात, त्यांनी तिचा हिशेब नीट मांडलेला नसतो. गावरहाटीच्या तुलनेत ती कितीतरी महाग आहे.

मग अशी महाग कल्पना माणसांनी पत्करली कशी? जगाकडे बघून, त्यातली सुसूत्रता पाहून, तिचा कोणी कर्ता असला पाहिजे असा तर्क करत माणसे तिथे पोचली असतील, असे आपल्याला सहज वाटते. बायबलचा इतिहास उलट सांगतो. इस्राएल लोकांना देव आधी कळला तो मिसरातल्या वेठबिगारीतून सोडवणारा म्हणून. पहिले पीक देवापुढे ठेवताना शेतकऱ्याने काय बोलावे हे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीचा शब्द नाही. आम्ही परदेशात गुलाम होतो, आमच्यावर जुलूम झाला, आम्ही आक्रोश केला आणि आमची सुटका झाली, एवढीच कबुली आहे. पुढे इ.स.पू. 587 च्या सुमारास यरुशलेम पडले, देऊळ जळले, लोक बाबेलला धरून नेले गेले. राखणदार हरला, असाच याचा अर्थ शेजारची राष्ट्रे लावणार होती. नेमक्या त्या हद्दपारीत यशया या ग्रंथाचा उत्तरार्ध रचला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात घडवणारा आणि सोडवणारा ही दोन्ही कामे एकाच देवाच्या नावे, एकाच श्वासात येतात. हरलेल्यांनी आपल्या देवाची हद्द कमी करण्याऐवजी साऱ्या जगाएवढी करावी, ही धर्मेतिहासातली मोठी चमत्कारिक घटना आहे. विजयाच्या नशेत अशी कल्पना सुचली असती तर ती साम्राज्याची भाषा म्हणून बाजूला सारता आली असती. इथे ती बंदिवानांच्या तोंडी आहे.

ही जोड सोडून देण्याचा मोह खुद्द ख्रिस्ती मंडळीलाही झाला होता. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या एका श्रीमंत माणसाने रोममध्ये असे प्रतिपादन केले की हे जग करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. जगात रोगराई आहे, क्रौर्य आहे, म्हणून ते करणारा देव हलक्या प्रतीचा. येशूने दाखवलेला देव निव्वळ प्रेमाचा, पण त्याचा या सृष्टीशी संबंध नाही. वादळाचा आणि पुराचा प्रश्न एका फटक्यात सुटला! रोमच्या मंडळीने इ.स. 144 च्या सुमारास मार्शियनला बाहेर काढले आणि पुढे ल्योंचा बिशप इरेनियस याने असल्या मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे कारण सरळ होते. सोडवणारा हा जर घडवणारा नसेल, तर तो दुसऱ्याच्या मालाला हात घालतो आहे. आणि माणसाचे शरीर, शेत, भाकरी, बाळंतपण हे सगळे त्याच्या सुटकेच्या बाहेर राहते. सावरकरांनी जे दोन देव वेगळे केले, ते ख्रिस्ती मंडळींपैकी एकाने अठराशे वर्षांपूर्वी आतूनच वेगळे करून पाहिले होते, आणि मंडळीने प्रश्न अवघड होतो हे जाणून ते पुन्हा एक केले.

मराठीत ही जोड पहिल्यांदा भरभक्कम रूपात आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या या ग्रंथात सुमारे 11,000 ओव्या आहेत. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुनी हकीकत, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. येशूची गोष्ट सांगण्यापूर्वी हजारो ओव्या खर्च करून जगाची निर्मिती सांगणे हा पुराणरचनेचा संकेत होताच, पण त्यात वर सांगितलेला आग्रहही होता. गोष्ट तारणाऱ्याची, तर ती सुरू व्हायची घडवणाऱ्यापासून. या ग्रंथाविषयी बोलताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ज्या साष्टीत स्टीफन्स ओव्या रचत होते तिथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, आणि गोव्यात 1560 पासून धर्मन्यायसभा बसली होती. सर्वांना घडवणाऱ्या देवाचे नाव घेणाऱ्यांनी त्याच्याच लेकरांवर जबरदस्ती केली. हा आक्षेप ख्रिस्ती श्रद्धेवर बाहेरून येत नाही. तिच्याच पहिल्या विधानातून तिच्यावर फिरतो. ज्याला देवाने घडवले त्याच्या मनावर सक्ती करणारा देवाचाच अपमान करतो, हे त्या विधानातून निघते आणि धर्मन्यायसभेला दोषी ठरवायला तेवढे पुरते. याच पुराणाचे पुढचे नशीबही पाहण्यासारखे आहे. टिपूने 1784 मध्ये मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले. त्या बंदिवासात त्यांना 'क्रिस्तपुराणा'चा आधार होता, अशी त्या समाजात परंपरा आहे. सत्ताधाऱ्यांच्या छायेत लिहिलेला ग्रंथ शेवटी पुन्हा बंदिवानांच्या कामी आला.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी कोकणात उतरले ते आपल्याच बाणकोट-हर्णैला. 1823 पासून काही वर्षे त्यांनी तिथे शाळा चालवल्या, मग मुक्काम पुण्या-मुंबईकडे हलवला. पुण्यातल्या त्यांच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. फुल्यांचे पुढचे वैचारिक जीवन माझ्या मुद्द्यासाठी फार मोलाचे आहे, कारण त्यांनी या तिघांतला एक घेऊन दोन बाजूला ठेवता येतात का, हा प्रयोग मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे केला. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मिक आहे. त्या निर्मिकाने सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखेच स्वतंत्र घडवले, म्हणून कोणी कोणावर जुलूम करू नये, हा त्या पुस्तकाचा पाया आहे. त्यात अवतार नाही, तारणारा नाही, नवसाला पावणारा तर नाहीच. समतेसाठी निर्मिक पुरेसा आहे असे फुल्यांनी मानले, आणि समाजकारणापुरते ते खरेही ठरले. माझी शंका पुढची आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला निर्मिक हक्क देतो, पण जुलूम सोसत मेलेल्या माणसाचे काय? सत्यशोधकाच्या हाती लढा आहे आणि तो लढा मोलाचा आहे. पण लढ्याच्या आधीच जे चिरडले गेले त्यांच्या हिशेबाचे पान निर्मिकाच्या वहीत कोरेच राहते. सोडवणाऱ्या देवाची गरज माणसाला इथे भासते. ती भीतीतून येते तशीच न्यायाच्या भुकेतूनही येते.

निर्माता मानण्याने प्रत्यक्ष जगण्यात काय फरक पडतो याचा मराठीतला उत्तम दाखला 'स्मृतिचित्रे'त आहे. 1934 पासून भागाभागाने निघालेल्या या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळक सांगतात की नवऱ्याच्या धर्मांतराने त्या उद्ध्वस्त झाल्या, सोवळेओवळे आणखी घट्ट धरून बसल्या. मग एके काळी विचार करता करता त्या अशा निष्कर्षाला पोचल्या की माणसे देवाने केली, जाती माणसांनी केल्या. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात त्यांना अडचण राहिली नाही. लक्षात घेण्याजोगे हे की त्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. येशूने आपल्याला तारले हे त्यांनी पुढे 1900 मध्ये स्वीकारले. आपल्याला आणि शेजारच्या महाराला घडवणारा एक आहे, हे आधी कळले आणि त्या कळण्याने स्वयंपाकघरातली भिंत पाडली. निर्मितीचे हे विधान माणसापुरतेही थांबत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'चे आंदोलन उभारले. विहिरींच्या आणि वाड्यांच्या राखणीला त्यांच्या लेखी धर्माचे अधिष्ठान होते. उत्पत्तीच्या पुस्तकाने माणसाला सृष्टी ओरबाडायचा परवाना दिला असा आरोप लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 मध्ये केला होता आणि युरोपच्या इतिहासापुरता तो बराचसा लागूही पडतो. पण ज्याची वस्तू त्याला विचारून वापरावी, हे शहाणपण त्याच पुस्तकातून निघते. डार्विनमुळे हा निर्माता बाद झाला असे काही जणांना वाटते, त्यावर मी थांबत नाही. जग कोणत्या पायऱ्यांनी बनले हे विज्ञानाने सांगावे. ते मुळात का आहे, आणि कोणाच्या इच्छेवर टिकून आहे, हा वेगळा प्रश्न आहे.

आता सावरकरांच्या मूळ आक्षेपाकडे वळू. 1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. तो वाचायला घेतल्यावर ज्या भागाने त्यांना धरून ठेवले तो म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन. त्या प्रवचनात येशू एक साधे निरीक्षण मांडतो. सूर्य चांगल्यावरही उगवतो आणि वाइटावरही, पाऊस नीतिमानावरही पडतो आणि अनीतिमानावरही. म्हणजे निसर्ग पक्षपात करत नाही, हे सावरकरांचे गृहीतक येशूला ठाऊक आहे, आणि तो ते नाकारत नाही. त्यातून तो काढतो ते अनुमान मात्र उलट आहे. सावरकर म्हणतील, सर्वांना सारखे म्हणजे कोणाचीच पर्वा नाही. येशू म्हणतो, सर्वांना सारखे म्हणजे शत्रूचीही पर्वा आहे, तेव्हा तुम्हीही शत्रूवर प्रेम करा. एकाच वस्तुस्थितीवर हे दोन अर्थ उभे आहेत. निसर्गाकडे कितीही निरखून पाहिले तरी त्यातला कोणता खरा हे निसर्ग सांगणार नाही, आणि ज्यांनी निसर्गाच्या सौंदर्यावरून दयाळू देव सिद्ध करायचा प्रयत्न केला त्यांचा सावरकरांनी जो समाचार घेतला तो योग्यच होता, असे माझे मत आहे. फुलावरून देव सिद्ध करणाऱ्याने साथीच्या रोगावरून काय सिद्ध होते तेही सांगायला हवे.

राखण म्हणजे संकटातून सूट, हा अर्थ बायबलनेच खोडून काढला आहे, हे मात्र पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही जाणवत नाही. स्तोत्रांत राखणाऱ्या देवाची मोठी वर्णने आहेत. न झोपणारा, न पेंगणारा, डाव्याउजव्याला हजारो पडले तरी आपल्या माणसाला धक्का लागू न देणारा. यांपैकी एका स्तोत्राचा दाखला नव्या करारात सैतान देतो. तो येशूला देवळाच्या शिखरावर नेतो आणि उडी टाक म्हणतो. देवदूत झेलतील असे लिहिले आहेच की! येशू उडी टाकत नाही. राखणीचा असा वापर म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, असे तो ठरवतो. दानिएलच्या पुस्तकातले तीन तरुण भट्टीत टाकले जाण्यापूर्वी राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवील, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून जास्त पापी होती काय, असे विचारून येशू स्वतःच नाही म्हणतो. चिपळूणच्या पुरात ज्याचे दुकान गेले त्याच्या मागच्या जन्माचा वा या जन्माचा हिशेब काढणाऱ्याचे तोंड या एका उत्तराने बंद होते. तेव्हा राखणे म्हणजे विमा असा अर्थ गृहीत धरून जो आक्षेप घेतला जातो तो लोकप्रिय भाविकतेला लागतो, मूळ ग्रंथाला लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही पळवाट झाली. राखणदार राखत नसेल तर त्याला राखणदार का म्हणायचे? हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात अगदी उघडा उभा आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले, होते नव्हते ते दानधर्मात घातले, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई आणि बहीण उपासमारीने गेली. विधी यथासांग केले होते, दैवतांनी राखले नाही, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिले. 1883 मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. पण त्याच मोजपट्टीने पाहिले तर ख्रिस्ती देवानेही त्यांना कुठे राखले? 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले, पुण्याने पाठ फिरवली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या हयातीतच गेली. पुढच्याच वर्षी 5 एप्रिलला रमाबाई वारल्या. रमाबाईंची बुद्धी तीक्ष्ण होती. वाँटेजच्या धर्मभगिनींशीही त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद घातले, कोणाचे काही डोळे मिटून घेतले नाही. ही विसंगती त्यांना दिसली नसेल, हे शक्य नाही. मला वाटते, त्यांचा प्रश्नच बदलला होता. माझ्यावर संकट का आले याऐवजी, संकटात सापडलेल्यांच्या बाजूला कोण आहे, हा प्रश्न त्यांनी धरला. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलीने दुष्काळातल्याच मुली उचलून आणल्या. देव राखतो या विधानाचा त्यांनी लावलेला अर्थ केडगावला अजून उभा आहे.

क्रूसाचा विषय इथे टाळता येत नाही. सोडवणाऱ्या देवांच्या आपल्या कथांत देव असुराला मारतो. ख्रिस्ती कथेत सोडवणारा स्वतः मारला जातो, तोही पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या हुकमावरून. हे नाव ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीत दर वेळी उच्चारतात; एका कारकीर्दीची तारीख प्रार्थनेत घालून ठेवावी तसा हा प्रकार आहे. होडी बांधणाराच बुडणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरला, असे ही कथा म्हणते. त्यामुळे समुद्र शांत झाला असे ती म्हणत नाही. मग सुटका कसली? मृत्यूचा शब्द शेवटचा ठरला नाही, पुनरुत्थान झाले, आणि ते सर्वांचे होणार आहे, हे ख्रिस्ती उत्तर. ते श्रद्धेचे आहे. पुराव्याच्या न्यायालयात ते साक्षीदारांच्या शब्दावर उभे राहते आणि ऐकणाऱ्याला ते न पटण्याची मोकळीक राहते. लहान मुलाचे दुखणे, भूकंपात गाडले गेलेले गाव यांचे कारण ही श्रद्धा सांगत नाही. तसे कारण सांगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांना बायबलमध्ये देव स्वतःच फटकारतो. सावरकरांच्या आक्षेपातला हा भाग उत्तर देऊन संपत नाही, हे मान्य करायला हवे. मात्र देव निर्विकार आहे हे अनुमान इथे अडते. जो स्वतः घाव सोसतो त्याला आणखी काहीही म्हणता येईल, सोयरसुतक नसलेला म्हणता येणार नाही.

वारकरी श्रोता म्हणेल, यात आमच्यापाशी नसलेले ते काय? विठ्ठल माउली आहे, तो भक्तासाठी राबतो, त्याचे घडे भरतो. हा आक्षेप टिळकांना सर्वांत आधी मान्य झाला असता. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते मानत, ख्रिस्तालाही माउली म्हणत, आणि अभंग हेच त्यांच्या भक्तीचे माध्यम राहिले. फरक आहे तो दोन जागी. एक, भक्तीचा शेवट कुठे होतो? ज्ञानेश्वरांपासूनच्या अद्वैताच्या ओढीत देव आणि भक्त अखेर दोन राहत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेत घडवणारा आणि घडलेला शेवटपर्यंत दोन राहतात, आणि म्हणून राखण्याला शेवटपर्यंत अर्थ राहतो. दोन, इतिहासाचा आग्रह. ख्रिस्ती कथा पंतय पिलाताच्या कारकीर्दीत घडलेल्या एका घटनेवर उभी आहे. यांतली कोणती बाजू सरस, हे या व्यासपीठावरून ठरवण्याची मला गरज वाटत नाही. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मिशनला ते रुचणे कठीण होते. पण सर्वांचा निर्माता एक असे मानणाऱ्याने दारावर नोंदवही ठेवून बसावे, ही विसंगती टिळकांना खटकली असणार.

राहता राहिला धर्मांतराचा व्यावहारिक आक्षेप, की दुष्काळात भाकरी देऊन माणसे ख्रिस्ती केली. काही ठिकाणी तसे झाले, आणि भुकेल्यासमोर ताट ठेवून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणे हे पाप आहे. पण भाकरी देणे हे पाप नव्हते, आणि जे समाज तेव्हा भाकरीही देत नव्हते त्यांनी हा आक्षेप जपून घ्यावा. सावरकरांनी तो नुसता घेतला नाही, त्यावर कृती केली. 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या देणगीतून याच गावात पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींना खुले झाले. निर्विकार विश्वदेवाचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंताला जातिभेद मोडण्यासाठी पतितांना पावन करणाऱ्या देवाचे मंदिर उभे करण्यात पुढाकार घ्यावा लागला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी उपहासाने सांगू नये. माणसांना एका पंगतीत बसवायला नियम पुरे पडत नाहीत, घडवणारा आणि सोडवणारा कोणीतरी लागतो, याची ती अप्रत्यक्ष कबुली आहे असे मी समजतो. सावरकरवादी माझ्याशी असहमत होतील. ते त्याला समाजसंघटनेचे साधन म्हणतील आणि त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि त्याही गेल्यावर 1938 मध्ये ते प्रसिद्ध झाले. 1828 पासून वाचनालय चालवणाऱ्या या गावाला माझी विनंती आहे की 'ख्रिस्तायन', 'स्मृतिचित्रे', 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध एकाच वर्षी, एकाच वाचकगटात वाचायला घ्यावेत. चौघांत कट्टर मतभेद आहेत, चौघांनीही मराठीत लिहिले आहे, आणि त्यांचा वाद अजून कोणी समोरासमोर लावलेला नाही.